वडिलांची सही

परवा आमच्या चर्चमध्ये एक तरुण जोडपं बाप्तिस्म्याचा अर्ज भरत होतं. आमच्या चिटणीसबाईंनी बोट ठेवून त्यांना दाखवलं, "इथं वडिलांची सही लागेल हं. म्हणजे मंडळीच्या वडिलांची, तुमच्या नव्हे." हे दुसरं वाक्य जेमतेम पाच शब्दांचं. त्या ते सहज बोलून गेल्या, जोडपंही हसलं. मला मात्र तिथं बसवेना. पाणी प्यायच्या निमित्तानं उठले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. भागाबाईची आठवण झाली की मला अजूनही असंच कुठंतरी उठून जावंसं वाटतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात मंडळी म्हणजे चर्चची सभासद माणसं, आणि त्यांचा कारभार बघणाऱ्या जाणत्या माणसांना 'वडील' म्हणतात. माझे पप्पा असे वडील होते. माझे वडील मंडळीचे वडील, यावर आमच्या घरात तोच तो विनोद वर्षानुवर्षं चालायचा. हा विनोद एक दिवस मी भागाबाईवर करून पाहिला. त्याला जवळपास पन्नास वर्षं झाली आणि मला अजून त्याचं हसू आलेलं नाही.

मी तेव्हा सोलापुरात मिशनच्या मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते. शाळेला लागून बोर्डिंग आणि त्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात भागाबाई. चाळिशीची, काळीसावळी, अंगानं काटक. नऊवारीचा काष्टा घट्ट, डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही, आणि डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. मंगळवेढ्याच्या पुढं तीनेक मैलांवर तिचं गाव. ज्वारीच्या बाबतीत तिचा गर्व विचारू नका! पोत्यात हात घालून चार दाणे दाताखाली धरायची आणि दुकानदाराच्या तोंडावर सांगायची, "ही आमच्याकडली न्हाय. उगं नाव सांगू नका की." साठ मुलींच्या भाकरी ती एका बैठकीत थापायची. थापता थापता तोंडानं बोलणं चालूच असायचं, आणि ते आमच्याशी नव्हे, येशूशी. 'प्रभू' वगैरे तिच्या तोंडी बसायचं नाही. ती म्हणायची येशूबाबा. "येशूबाबा, आज लाकडं वली हायती बग. आता तूच काय ते कर." चूल पेटली की, "बरं झालं बाबा," आणि पुढची भाकरी.

मी तिला अगं-तुगं करायची. ती पंधरासोळा वर्षांनी मोठी, पण स्वयंपाकीण. ती मला 'तुमी ताई' म्हणायची. त्यात काही चुकतंय असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही, मला तर नाहीच.

ती आमच्याकडं आली ती दुष्काळात. नवऱ्यानं टाकलेली, बापानं घरी आणून ठेवलेली. बहात्तरला पिकं गेली तशी ती खडी फोडायच्या कामावर आली, तापानं पडली आणि कुणीतरी तिला मिशनच्या दवाखान्यात आणून टाकलं. तिथं एक म्हाताऱ्या नर्सबाई होत्या. त्यांनी तिला औषध दिलं, पण भागाबाई औषधाचं कधी सांगायची नाही. ती सांगायची केसांचं. "डोक्यात निस्त्या उवा. ताप उतरला तशी ती बाई माज्या मागं बसली, आनि सारी दुपार माजं डोकं इंचरत बसली. माजी आय गेल्यापास्नं माज्या डोक्याला कुनी हात लावला न्हवता ताई. मी म्हनलं, आवो, तुमचा द्येव कोन? मला बी त्योच पायजे."

ही तिची साक्ष, म्हणजे ख्रिस्ताकडं कशी आले त्याची हकिगत. ना स्वप्न, ना दृष्टान्त, ना चमत्कार. एक फणी आणि एक दुपार. आमच्यातल्या काही लोकांना ती अपुरी वाटली. दुष्काळात सरकारी लाल मिलो मिशनमधूनही वाटली जायची, परदेशातून आलेली ज्वारीसारखी ज्वारी, आणि त्या वर्षी मंडळीत आलेल्या नव्या माणसांकडं सगळे जरा डोळे बारीक करूनच बघायचे, पोटासाठी आली असणार म्हणून. 'मिलोची ख्रिस्ती' हे नाव मात्र कुणी ठेवलं? मीच ठेवलं. शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता. सगळ्या हसल्या आणि ते नाव बोर्डिंगभर झालं. तिच्या कानावर गेलं तेव्हा ती मला म्हणाली, "मिलोची भाकरी तुटती वो ताई. ती मला कवाच जमली न्हाय." रागावली असती तर बरं झालं असतं.

मी स्वतः जन्मानं ख्रिस्ती. म्हणजे काहीच न करता झालेली. धर्म घेतला माझ्या आजोबांनी. दगड त्यांनी खाल्ले, पाणवठा त्यांचा बंद झाला. ती कथा आम्ही दर नाताळला जेवण झाल्यावर ऐकायचो आणि ढेकर द्यायचो. गीतं मला पाठ, वचनं पाठ, रविवारच्या शब्बाथ शाळेतली, म्हणजे मुलांच्या धर्मवर्गातली, सगळी बक्षिसं माझी. उपासनेत पुढून दुसऱ्या बाकावर आमचं कुटुंब. भागाबाई सगळ्यात मागं, दाराशी, चपलांच्या रांगेशेजारी जमिनीवर. बाकावर बस म्हटलं तर म्हणायची, "हितं वारं लागतंय की." गीताचं पुस्तक मात्र हातात हवंच. वाचता येत नव्हतं, पुस्तक बहुतेक वेळा उलटं असायचं, आणि आवाज असा की पेटीवाल्यानं सूर सोडून द्यावा.

बायकांच्या शास्त्रवर्गात, म्हणजे बायबलच्या वर्गात, ती प्रश्न विचारायची. एकदा पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, पाच भाकरींत पाच हजार माणसं जेवल्याची गोष्ट सांगत होते. सगळ्या बायका भक्तिभावानं माना डोलवत होत्या. भागाबाईनं हात वर केला. "साह्येब, त्या पाच भाकरी थापल्या कुनी?"

पाळकसाहेब म्हणाले, "ते काही लिहिलेलं नाही, भागाबाई."

"लिवायला पायजे हुतं," ती म्हणाली. "पाटं उटून कुनीतरी बाई बसली आसंल की चुलीम्होरं. तिला ठावं बी नसंल आपली भाकर कुटं गेली ती."

वर्गात हशा पिकला. पाळकसाहेब हसले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी व्यासपीठावरून तो प्रश्न सांगितला आणि त्यावरच सगळं प्रवचन केलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण उपासना सुटल्यावर शब्बाथ शाळेच्या आम्हा शिक्षिकांना त्यांनी जवळ बोलावलं आणि म्हणाले, "प्रार्थना कशी करायची ते जरा भागाबाईकडून शिका. तुमच्या प्रार्थना पाठ केलेल्या वाटतात." बोलताना ते माझ्याकडं बघत होते. निदान मला तरी तसं वाटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी, तीन पिढ्यांची ख्रिस्ती, आणि शिकायचं कुणाकडून, तर मिलोच्या बाईकडून! सांगायला लाज वाटते, पण हे सगळं लाजेचंच आहे, तर आता झाकून काय करू?

त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी तिचा बाप्तिस्म्याचा अर्ज माझ्या हाती दिला. दोन वर्षं ती बाप्तिस्मा मागत होती. दुष्काळ सरू दे, मग बघू, असं म्हणत मंडळीनं तिला थांबवून ठेवलं होतं. आता दुष्काळ सरला होता, ती होती तिथंच होती आणि कुणाकडं कारण उरलं नव्हतं. "तुम्ही तिला वाचून दाखवा, भरून घ्या आणि पप्पांची सही आणा," एवढंच काम मला होतं.

शनिवारची दुपार. ती ज्वारी निवडत बसली होती. मी अर्ज आणलाय म्हटल्यावर तिनं हात पदराला पुसले, पण कागदाला हात लावला नाही. पाट पुसला आणि त्यावर ठेवायला लावला. मी एकेक रकाना वाचत गेले, ती सांगत गेली. शेवटी मी म्हटलं, "आणि खाली वडिलांची सही लागते."

तिचा हात सुपात तसाच थांबला. "वडलांची? आबाची?"

मला त्याच क्षणी कळलं. शंभर टक्के कळलं. तिनं कधी मंडळीच्या वडिलांना वडील म्हटलंच नव्हतं. ती पप्पांना 'दादासाह्येब' म्हणायची. आमचा शब्द तिला ठाऊकच नव्हता. मी म्हणायला हवं होतं, अगं, तुझ्या नव्हे, मंडळीच्या. ते माझ्या जिभेवर आलंही होतं.

"वडिलांची," मी म्हटलं.

"लागतीच का?"

"लागतेच. नियम आहे."

"आबाला न सांगता न्हायच का व्हायचं?"

"सहीशिवाय अर्ज पुढं जात नाही, भागाबाई."

अर्ज पाटावर तसाच ठेवून मी उठले. एकही वाक्य खोटं नव्हतं. आयुष्यात मी इतकं खरं बोलून इतकं खोटं कधी वागले नाही. माझ्या मनात होतं तरी काय? थोडी गंमत होती. थोडं हेही होतं की बघू या, आता घाबरते का, मागं फिरते का. फिरली असती तर मला बरं वाटलं असतं. हो, तसंच होतं.

संध्याकाळी घरी मी ती गंमत म्हणून आईला सांगितली. आई हसली आणि हसता हसता थांबली. "अगं, सांग की तिला. बिचारी खरंच जाईल गावाला."

"सांगते उद्या. उपासनेला येईलच."

ती आली नाही. पहिल्याच एस्टीनं मंगळवेढ्याला गेली होती. दाराशी तिची जागा रिकामी दिसली. मी पुस्तक उघडलं आणि नेहमीसारखी खणखणीत आवाजात गायले.

गावात काय झालं ते तिनंच पुढं केव्हातरी, तुकड्यातुकड्यानं सांगितलं. तिचा आबा हा तिचा एकुलता आधार. नवऱ्यानं हाकलल्यावर गावानं नावं ठेवली, भाऊ-भावजयीनं तोंडं वाकडी केली, तेव्हा हा म्हातारा बैलगाडी जुंपून तिला घ्यायला गेला होता. दिवाळीला आणि हुरड्याला ती न चुकता माहेरी जायची. बोर्डिंगात सैपाकाला हाय, एवढंच गावाला ठाऊक. ती गेली तेव्हा आबा पारावर चार माणसांत बसलेला. या बयेला वाटलं, नियमाचं काम आहे, त्यात लपवायचं काय? तिनं तिथंच कागद पुढं केला.

म्हाताऱ्यानं कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाला, "मला काय ठावं न्हवतं व्हय, भागे? दोन वरसं झाली मला ठावं हाय. तू बोलली न्हाईस, मी इचारलं न्हाय. बरं चाललं हुतं की आपलं. आता चारचौगांत इचारलंस. आता मला दार लावाया लागंल."

आणि त्यानं सही केली. पंचायतीत निवडून आला तेव्हा तेवढी एक सही तो गिरवून गिरवून शिकला होता.

मी विचारलं, "दार लावायचंच होतं, तर सही कशाला केली?"

"लेक मागाया आली हुती न्हवं," भागाबाई म्हणाली.

चौथ्या दिवशी ती परत आली. रुमालात गुंडाळलेला अर्ज तिनं माझ्यासमोर उलगडला. आधी लांबच लांब शिरोरेषा ओढलेली आणि तिच्या खाली अक्षरं एकेक करून टांगलेली. सहीच्या खाली गावाचं नावसुद्धा. डोळे सुजले होते, पण ती त्या सहीकडं कौतुकानं बघत होती. "चांगली हाय न्हवं आबाची सही?" मला विचारत होती. तेव्हाही मला बोलता आलं असतं. मी म्हटलं, "छान आहे," आणि अर्ज पर्समध्ये टाकला.

पप्पा ती सही बघून बुचकळ्यात पडले. "हे कोण?"

"तिचे वडील."

ते हसले आणि लगेच गंभीर झाले. "अरे रे! तिला कुणी नीट सांगितलं नाही?"

"सांगितलं हो मी. तिलाच कळलं नाही."

पप्पांनी चष्मा काढून पुसला आणि त्या सहीच्या शेजारी, जागा नव्हती तिथं, दाटीवाटीनं आपली सही केली.

बाप्तिस्म्याच्या रविवारी पाळकसाहेबांनी तिला विचारलं, नवीन नाव घ्यायचंय का. काही लोक घ्यायचे. ती म्हणाली, "आबानं ठिवलेलं हाय त्येच ऱ्हाऊ द्या. तेवडंच ऱ्हायलंय त्येचं माज्याकडं." मग डोक्यावर पाणी पडलं, आणि रीतीप्रमाणे साक्ष द्यायला ती पुढं उभी राहिली. पहिल्यांदाच ती पुढं आली होती. नर्सबाईंची फणी सांगून झाली, आणि मग ती म्हणाली, "लोक म्हन्त्यात मी मिलोसाटी आले. पर तसं न्हाय. ताईंनी सांगितलं, वडलांची सही आन. मी गेले, आनली. आबानं दार लावलं. तरीबी मी आले."

मग कुठंतरी एक जण खुदकन हसला आणि बाकांबाकांतून हसू पसरत गेलं. दुष्टपणाचं नव्हे, पण हसूच. पहिल्या बाकावरच्या एक म्हाताऱ्या बाई न राहवून मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, तुझ्या बापाची नव्हे गं! मंडळीच्या वडिलांची! हे काय दादासाहेब बसलेत!"

भागाबाईनं पप्पांकडं बघितलं. मग माझ्याकडं. ती किती वेळ बघत होती मला सांगता येणार नाही, कारण मी मान खाली घालून गीताच्या पुस्तकातली अनुक्रमणिका वाचत होते. सगळी मंडळी माझ्यामागं, वेदी माझ्यासमोर, आणि मी अनुक्रमणिका वाचतेय.

"आसंल," शेवटी तिचा आवाज आला. "ताईंनी नीटच सांगितलं आसंल. मीच अडानी."

मी उठले नाही. एक शब्द बोलले नाही. तिच्याशी खोटं वागले ते एकदा. पण तिनं माझं पाप सगळ्यांदेखत आपल्या अंगावर घेतलं आणि मी ते घेऊ दिलं, ते मला जास्त सलतं.

त्यानंतर काय? काहीच नाही. ती होती तशीच राहिली. जागा दाराशी, पुस्तक उलटं. मुलींच्या हातून मला गरम भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवायची, "ताई वाळल्यात" म्हणून. मी स्वयंपाकघरात जायचं टाळायला लागले. आणि नकळत तिला अहो-जाहो करायला लागले. तिच्या ते लक्षात आलंच. "ताई, आता आवो-जावो कशापायी? मी काय मास्तरीन झाले व्हय?" सांगून टाकू, असं दर महिन्याला ठरवायची. प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेब बजावायचे, कुणाचं मन दुखवलं असेल तर आधी समेट करा, मग मेजाजवळ या. मी उठायची, मेजाजवळ जायची, भाकर घ्यायची, प्याला घ्यायची आणि जागेवर येऊन डोळे मिटायची. अशी चार वर्षं गेली. दिवाळीला, हुरड्याला ती बोर्डिंगातच असायची. कधी विचारलं तर म्हणायची, "हितं बरं हाय की."

मग तिचा आबा गेला. गावची कुणी बाई सोलापूरच्या बाजारात भेटली, तिनं सांगितलं, तेव्हा सहा दिवस उलटून गेले होते. मी बातमी ऐकली आणि स्टँडवर धावले. यानंतर भागाबाई मला पुन्हा दिसली नाही. महिन्याभरानं येऊन सामान घेऊन गेली म्हणे. मी तेव्हा बार्शीला ट्रेनिंगला गेले होते. त्यामुळं माझ्याकडं आहे ती स्टँडवरचीच भागाबाई.

ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. ती मंगळवेढ्याच्या गाडीत खिडकीशी बसली होती, मांडीवर पिशवी. मी आत चढले आणि तिच्याशेजारी टेकले.

"दहावा गावंल," ती म्हणाली. "घरात घ्यायचे न्हाईत. रस्त्यावर हुबी ऱ्हाईन."

आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. मी एका दमात बोलून टाकलं. "भागाबाई, वडिलांची सही म्हणजे कुणाची, तुमची गल्लत झाली होती ना, ती मला त्याच वेळी कळली होती. मी मुद्दाम सांगितलं नाही."

"ठावं हाय की," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिशी. सगळी हसली. तुमी येकट्या हसला न्हाईत."

मला रडू फुटलं. "मग मला कधी बोलला का नाहीत?"

"मी काय बोलायचं ताई? तुमी बोलशीला म्हनून वाट बगत हुते." तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं. "आबा हुता तवर बोलला असता, तर तुमाला घिऊन गेले असते. लेकीनं चारचौगांत मुद्दाम न्हाय इचारलं, चूक आमची हाय, आसं मास्तरीनबाई सांगतीया म्हनल्यावर म्हातारा निवला असता. त्यो निमित्तच हुडकत हुता दार उगडायला."

कंडक्टरनं घंटी मारली. मी उठून खाली उतरले. ती खिडकीतून वाकली.

"चला की," ती एकदम म्हणाली आणि आत सरकली. "चला की ताई. भाऊ हाय, भावजय हाय. त्यांना सांगा. माजं ऐकायचे न्हाईत, तुमचं ऐकतील. सांजच्याला म्हागारी याल."

मी त्या रिकाम्या जागेकडं बघितलं. सगळं डोळ्यांसमोर आलं: तो पार, ती माणसं, त्यांच्यापुढं उभी राहून बोलणारी मी.

"उद्या शाळा आहे," मी म्हटलं.

मे महिना चालू होता. मुली घरी जाऊन आठ दिवस झाले होते. बोर्डिंगची शेवटची चूल भागाबाईनंच विझवली होती.

"व्हय की," ती म्हणाली. "शाळा हाय." आणि सरकून केलेल्या जागेवर तिनं आपली पिशवी ठेवली.